वस्तीत उल्कापाषाण पडला तर पहिले ४८ तास : जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
आणि त्यांच्यामार्फत तहसीलदार, ठाणेदार, तलाठी व पोलीस पाटील

विषय : वस्तीत वा शेतात उल्कापाषाण पडल्यास करावयाच्या कार्यवाहीचे एक पान जिल्हा आपत्ती आराखड्याला जोडण्याबाबत.

महोदय, महोदया,

२२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात आकाशात प्रखर झोत दिसला, स्फोटासारखे आवाज झाले आणि काळे दगड जमिनीवर आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने सुरुवातीलाच तीसेक तुकडे गोळा केले. सर्वांत मोठा सुमारे किलोभराचा होता. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्याच दगडात ब्रिजमनाइट असल्याचे दाखवले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली सर्वाधिक असते, पण तिथून ते जसेच्या तसे वर येऊ शकत नाही. ज्या खोलीपर्यंत कोणतीही बोअर जाणार नाही, तिथला नमुना विदर्भातल्या शिवारात पडलेल्या दगडाने हातात दिला.

उल्का कुठे पडेल, हे आधी सांगता येत नाही. तिथे पहिल्यांदा कोण पोचेल, हे मात्र सांगता येते : गावकरी, पोलीस पाटील, बीट अंमलदार, तलाठी. शास्त्रज्ञ पोचतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर दगड धुतला गेला, फोडून वाटला गेला, ओल्या फडक्यात बांधून ठाण्यात ठेवला गेला, तर पुढे जगातली कितीही उत्तम प्रयोगशाळा मिळाली तरी गेलेले परत येत नाही. पूर, वीज आणि दरडींची पाने आपल्या आराखड्यात असतात. तसे एक पान यासाठीही असावे, एवढीच आमची मागणी आहे. त्यात काय असावे, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात भीतीपासून करावी लागेल, कारण गर्दी भीतीनेच वागते. पडलेला दगड निखाऱ्यासारखा तापलेला असतो, आग लावतो, किरणोत्सारी असतो, अशा तीन समजुती हमखास असतात. दगड सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने वातावरणात शिरतो हे खरे. त्या काही सेकंदांत पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेला थर उष्णता घेऊन मागे उडून जातो. जमिनीपासून १५-२० किलोमीटर उंचीवर त्याचा मूळ वेग संपतो, उजेड विझतो. तिथून खाली तो साध्या दगडासारखा पडतो. मुठीएवढ्या तुकड्याला ताशी दोन-तीनशे किलोमीटरचा वेग मिळतो आणि जमिनीवर यायला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे कडाक्याच्या थंड हवेतली असतात. दगड उष्णतेचा वाईट वाहक असल्याने आतवर तो अवकाशातला गारवा घेऊनच उतरतो. म्हणून तो हाताला कोमट वा थंड लागतो. गवत पेटले आहे, धूर निघतो आहे, बैलगाडी मावेल एवढा खड्डा पडला आहे, असे दिसले तर ती बहुधा उल्का नाही. तिथे दुसरेच कारण शोधावे. किलोभराचा खरा दगड नांगरलेल्या काळ्या मातीत वीतभर रुततो, फरशीवर पडला तर फरशी फोडून स्वतःही फुटतो. किरणोत्साराबद्दल बोलायचे तर तो मोजायला शिशाच्या जाड भिंतींआड ठेवलेली उपकरणे आणि कित्येक दिवस लागतात. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यात त्याहून अधिक असतो. पोलीस पाटलांनी हे गर्दीसमोर ठामपणे सांगावे.

खरा धोका कुठे असतो, ते रशियातल्या चेल्याबिन्स्कने दाखवले. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी सुमारे २० मीटर व्यासाचा खडक शहराजवळ ३० किलोमीटर उंचीवर फुटला. डोळे दिपवणारा उजेड पाहून लोक खिडक्यांशी गेले. आवाजाची लाट दोन-अडीच मिनिटांनी पोचली आणि काचा त्यांच्या अंगावर आल्या. जवळपास दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले, त्यांतले बहुतेक काचांमुळे. दगड डोक्यात पडून कुणीही मेले नाही. युलिया कार्बिशेवा या शिक्षिकेने वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली बसायला लावले. मुले वाचली, त्या स्वतः काचेने कापल्या. शाळांच्या आपत्ती सरावात एक वाक्य वाढवावे : दिवसा सूर्यासारखा झोत दिसला, तर पाच मिनिटे खिडकीपासून लांब, भिंतीच्या आडोशाला बसायचे. याला खर्च काही नाही.

दगडाजवळ जाण्याआधी एका गोष्टीची खात्री हवी, आणि इथे आमचा सूर बदलतो. वस्तू दगड आहे की माणसाने बनवलेली? २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात गोळ्यांच्या आकाराच्या टाक्याही सापडल्या. ते चिनी लाँग मार्च ३-बी रॉकेटचे अवशेष असावेत, असा जाणकारांचा अंदाज होता. अशा टाक्यांत हायड्राझिन हे रॉकेटचे इंधन उरलेले असू शकते. ते विषारी असते, त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते. अमोनियासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, पण वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून धातूचा पत्रा, गोल टाकी, गुंडाळलेल्या काळ्या धाग्यांचे कवच, नळ्या, नटबोल्ट यांपैकी काहीही दिसले तर हात लावू नये. वारा वस्तूकडून आपल्याकडे येतो त्या बाजूला न थांबता किमान पन्नास मीटर मागे हटून ११२ ला कळवावे. त्या वस्तूची मालकी १९६७ च्या अंतराळ करारानुसार प्रक्षेपण करणाऱ्या देशाकडेच राहते आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारीही त्याच देशाची असते, त्यामुळे तिचा पंचनामा आणि पत्रव्यवहार वेगळ्या वाटेने जातो. अहिल्यानगरच्या के. के. रेंजसारख्या लष्करी सराव क्षेत्रांजवळच्या गावांत आणखी एक शक्यता असते : न फुटलेला तोफगोळा. दंडगोल, पंख, पेच दिसले की बॉम्बशोधक पथकालाच बोलवावे.

दगडच आहे, असे दिसले की प्रश्न येतो तो आपल्या खास अडचणीचा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर उभा आहे. तो काळा, जड आणि मॅग्नेटाइटमुळे थोडाफार चुंबकाला ओढणारा. बातमी आली की दोन दिवसांत तहसील कार्यालयात पिशव्या भरभरून येतात : रेल्वेची खडी, साखर कारखान्याच्या बॉयलरमधली वितळून घट्ट झालेली राख, फाउंड्रीची धातुमळी, कोकणात जांभ्याचे गोटे. यातले नव्वद टक्के जागच्या जागी बाजूला काढता येतात. अंगावर बुडबुड्यांची भोके असतील, तर तो बेसाल्ट किंवा धातुमळी. उल्कापाषाणात अशी भोके जवळजवळ कधीच नसतात. भोकांत पांढरे चकचकीत स्फटिक असतील, तर तो आपल्याच डोंगरातला. ताज्या उल्कापाषाणाला मिलिमीटरपेक्षाही पातळ, मंद काळी साल असते, कडा गोलसर असतात, कधी ओल्या मातीवर अंगठा दाबल्यासारखे खळगे दिसतात. साल उडाली असेल तिथे आतला रंग फिकट करडा दिसतो, त्यात लोखंड-निकेलचे चकाकणारे कण आणि भिंगातून पाहिल्यास मिलिमीटरभराचे गोल दाणे. बेसाल्ट फोडला तर आतूनही काळाच.

चुंबकाबद्दल मात्र सावध करतो. ऑनलाइन मिळणारे ताकदवान निओडिमियम चुंबक दगडाला चिकटवून पाहण्याची आता पद्धत पडली आहे. एका स्पर्शाने दगडातली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद पुसली जाते. तपासायचेच असेल तर साधे होकायंत्र जमिनीवर ठेवून दगड सावकाश जवळ न्यावा. सुई हलली की पुरे. सुई हलली नाही म्हणून दगड फेकूनही देऊ नये. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत बनासकांठ्यातल्या दियोदर तालुक्यात पडलेला दगड ऑब्राइट जातीचा होता. त्यात धातू फारच थोडा, रंग फिकट. ६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याच्या शेतात पडलेला दगड आतून-बाहेरून कोळशासारखा काळा आणि इतका ठिसूळ की आपटताच चुरा झाला. हे दोन्ही अतिशय दुर्मीळ प्रकार आहेत, आणि नेमके हेच नेहमीच्या खुणांत बसत नाहीत.

आता उचलण्याची रीत. उचलण्यापूर्वी फोटो : एक लांबून, शेजारचे झाड वा घर दिसेल असा, एक जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणे ठेवून, एक खड्ड्यात वरून सरळ खाली. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहून घ्यावेत, म्हणजे जागा काही मीटरच्या आत पक्की होते. खड्ड्याचा व्यास, खोली आणि तो कोणत्या दिशेला तिरका आहे, हे टेपने मोजावे. छप्पर फुटले असेल तर वरचे भोक आणि खालचा खळगा यांतले आडवे अंतर व छपराची उंची मोजावी. त्यावरून दगड कोणत्या कोनात आला ते निघते.

मग हातात पावडर नसलेले नायट्रिलचे मोजे, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात ते. मोजे नसतील तर नवीन ॲल्युमिनियम फॉइल हातावर घेऊन तिच्यातच दगड उचलावा आणि गुंडाळावा. घामातले मीठ आणि तेल दगडात शिरते; दगडात मुळात असलेली सेंद्रिय द्रव्ये आणि तळहाताची द्रव्ये मग वेगळी करता येत नाहीत. चुरा असेल तर कोऱ्या कोरड्या ब्रशने कोऱ्या कागदावर घ्यावा. चिमूटभर चुरासुद्धा मोलाचा असतो. फॉइलमधला दगड झिपच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या चार-सहा पुड्या. कापूस नको, वर्तमानपत्र नको. एकाचे तंतू चिकटतात, दुसऱ्याची शाई लागते. वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, फॉइलसकट करावे. फॉइलचे वेगळे करून वजा करावे. पाण्यात बुडवून घनता काढण्याचा शाळेतला प्रयोग इथे अजिबात नको. दगड सापडला त्याच्या खालची अर्धा किलो माती दुसऱ्या पिशवीत भरावी, फुटलेला पत्रा वा कौलही जपावे. मातीतून दगडात काय आले, हे पडताळायला तीच लागते.

पंचांची वाट पाहायची असेल आणि आभाळ भरून आले असेल, तर स्टीलचे कोरडे पातेले दगडावर पालथे घालून वर वीट ठेवावी, भोवती पाण्याला चर काढावा. सरी सुरूच झाल्या, तर फोटो काढून लगेच उचलावा. एका पावसात लोखंडाचे कण गंजू लागतात; मुकुंदपुऱ्यासारख्या दगडातली चिकणखनिजे तर पाण्याने विरघळल्यासारखी सुटतात. इंग्लंडमध्ये विंचकोम्ब येथे २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री घराच्या अंगणवाटेवर असाच दगड पडला. घरच्यांनी सकाळी हातमोजे घालून तो पिशव्यांत भरला, पाऊस येण्याआधी. परिसरात नंतर मिळालेल्या तुकड्यांसह अर्ध्या किलोच्या आसपासचा तो ऐवज आज या प्रकारातल्या जगातल्या सर्वांत स्वच्छ नमुन्यांपैकी एक मानला जातो.

एक नाजूक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. आकाशातून आलेल्या दगडाला हळद-कुंकू वाहावे, दुधाचा अभिषेक करावा, असे गावाला वाटणे स्वाभाविक आहे. त्या भावनेचा अवमान करून काम होणार नाही. पोलीस पाटील आणि सरपंचांनी गावाला सांगावे की दर्शन लांबून घ्या, नारळ पडल्या जागेवर वाढवा, दगडाला मात्र काही लावू नका. पुढे हा दगड गावाच्याच नावाने ओळखला जाणार आहे. हे अक्षरशः खरे आहे. उल्कापाषाणांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था असलेल्या मेटिऑरिटिकल सोसायटीची समिती उल्कापाषाणाला तो पडला त्या ठिकाणाचे नाव देते. काटोलचे नाव जगभरच्या शोधनिबंधांत आहे ते त्यामुळेच.

ठाण्यात जमा केलेल्या दगडाचे हाल बहुधा चांगल्या हेतूनेच होतात. मुद्देमाल म्हणून तो कापडात शिवला जातो, लाखेचे सील होते आणि कोंदट खोलीत कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पडून राहतो. कापड, लाख आणि दमट हवा या तिन्ही त्याला घातक. सील बाहेरच्या डब्याला करावे. आणि घाईचे कारण वेगळेच आहे. अवकाशात वैश्विक किरणांनी दगडात अल्पायुषी समस्थानिके, म्हणजे काही तासांत वा दिवसांत क्षय पावणारे अणू, तयार झालेली असतात. त्यांपैकी सोडियम-२४ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा वेळ, १५ तास आहे. अडीच दिवसांत त्याचा सोळावा हिस्साच उरतो. मँगनीज-५२ साडेपाच दिवसांत, व्हॅनेडियम-४८ सोळा दिवसांत निम्मे होते. दगड पडण्याआधी किती मोठा होता, शेवटच्या काळात सूर्यमालेत किरणांचा मारा किती होता, हे यांच्या मोजणीतून कळते. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत अशी मोजणी होते. महिनाभर मालखान्यात राहिलेल्या दगडाचा हा भाग कायमचा गेलेला असतो. म्हणून पंचनामा त्याच दिवशी पुरा करावा आणि दुसऱ्या दिवशी दगड भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे सोपवावा. देशात पडलेल्या उल्कापाषाणांचा सांभाळ तीच संस्था करते. तिचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. त्या कार्यालयाचा दूरध्वनी जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ च्या टेबलावर लिहिलेला असावा.

एक दगड सापडला म्हणजे शोध संपला, असे नसते. तुकडे लंबगोल पट्ट्यात विखुरतात. हलके अलीकडे पडतात, जड पुढे जातात, आणि वारा हलक्यांना बाजूला नेतो. हा पट्टा काढायला सीसीटीव्ही लागतो. पेट्रोल पंप, बँका, टोलनाके, सोसायट्या यांचे चित्रण एक ते चार आठवड्यांत आपोआप पुसले जाते. घटनेनंतर चोवीस तासांत, शंभर किलोमीटरच्या परिघात, चित्रण राखून ठेवण्याची सूचना निघाली पाहिजे. झोत चौकटीत दिसला नसेल तरी चालते. जमिनीवर फिरणाऱ्या सावल्यांवरूनही दिशा काढता येते. प्रत्येक यंत्राचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून फरक लिहून ठेवावा, कारण ही घड्याळे पाच-दहा मिनिटे सहज चुकलेली असतात आणि मग सगळे गणित चुकते. झोत आणि आवाज यांत किती सेकंद गेले, हे साक्षीदारांना विचारावे. तीन सेकंदांना एक किलोमीटर हा हिशेब पुरेसा आहे. भारतीय हवामान खात्याला त्या वेळची डॉप्लर रडारची कच्ची नोंद जपून ठेवायला कळवावे. अमेरिकेत अशा रडारवर पडते तुकडे दिसल्याने शोध कित्येकदा सोपा झाला आहे.

नुकसानीचे काय, हा प्रश्न घरमालक पहिल्याच मिनिटाला विचारतो आणि त्याला उत्तर मिळायला हवे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट अशा आपत्तींसाठी मदतीचे निकष ठरलेले आहेत. अवकाशातून पडलेला दगड त्या यादीत नाही. मात्र आपत्ती प्रतिसाद निधीतला ठरावीक हिस्सा राज्याने जाहीर केलेल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, आणि वीज पडण्याला तसाच आधार मिळाला. त्यात उल्कापाताची भर घालण्याचा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा. घटना दुर्मीळ आहे, बोजा नगण्य पडेल. घराचा विमा असल्यास पंचनाम्यात 'बाहेरील वस्तूचा आघात' असे स्पष्ट लिहावे. गृहविम्यात आघाताचे संरक्षण असते, 'दैवी प्रकोप' एवढेच लिहिले की दावा अडकतो.

ज्याच्या शेतात दगड पडला, त्याला पहिल्याच दिवशी गुन्ह्याची धमकी देणे ही सर्वांत मोठी चूक. धमकीने दगड लपतात, रात्रीतून फुटतात आणि तुकडे कुणा अनोळखी खरेदीदाराकडे जातात. त्याऐवजी वजन, फोटो आणि तारखेसह सहीशिक्क्याची पोच त्याच्या हातात द्यावी, नोंदीत त्याचे नाव शोधक म्हणून जावे यासाठी पत्र द्यावे, गावच्या शाळेसाठी दगडाची प्रतिकृती मागावी. आम्हाला तर वाटते की राज्याने एक ठरावीक बक्षीसही जाहीर करावे.

आणि तपासणीआधी घोषणा नको. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी तमिळनाडूत वेल्लोर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात स्फोट होऊन एक बसचालक दगावला. उल्केमुळे मृत्यू झाल्याचे खुद्द राज्य सरकारने जाहीर केले. हा जमिनीवरचा स्फोट वाटतो, असे नासाकडून नंतर सांगण्यात आले. असे झाले की स्फोटाच्या खऱ्या कारणाचा तपास मागे पडण्याची भीती असते. 'आकाशातून पडल्याचे सांगण्यात आलेली वस्तू, तपासणी सुरू' एवढेच पहिल्या दिवशीचे निवेदन असावे.

येत्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत हा विषय घ्यावा, आणि प्रत्येक तहसील कार्यालयात एक डबा तयार ठेवावा : नायट्रिल मोज्यांच्या चार जोड्या, फॉइलचा एक रोल, वेगवेगळ्या मापांच्या वीस झिप पिशव्या, सिलिका जेल, कोरा ब्रश, टेप, पट्टी, साधे होकायंत्र, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पोचपावतीचे छापील नमुने. सिलिका जेलचा रंग दर सहा महिन्यांनी पाहावा. निळ्याचा गुलाबी झाला की बदलावे. पानाचा मसुदा करायला आणि पोलीस पाटलांच्या प्रशिक्षणात खरा उल्कापाषाण, बेसाल्ट आणि धातुमळी शेजारी शेजारी ठेवून दाखवायला आम्ही कोणत्याही जिल्ह्यात स्वखर्चाने येऊ.

आपले विश्वासू,
उल्कापाषाणांचे अभ्यासक, भूविज्ञानाचे शिक्षक आणि आकाशनिरीक्षक